तागातलं ठिपक्यांचं ‘फुलपाखरू’ हा पतंग. औषध आणण्याआधी अळी ओळखा

हिरवळीच्या खतासाठी पेरलेल्या तागात, काही भागात ज्याला बोरू म्हणतात त्यात, भर दुपारी शिरलं की पायाजवळून पांढरी पाखरं उठतात आणि चार-सहा हातांवर जाऊन पुन्हा पानावर बसतात. दिवसा उडतात म्हणून बहुतेक जण त्यांना फुलपाखरू समजून सोडून देतात. पण हा पतंग आहे, आणि तागाची पानं व शेंगा खाणारी केसाळ अळी ही त्याचीच. शास्त्रीय नाव युटेथिसा पुल्चेला.

ओळखायला सोपा आहे. पंख पसरले की साधारण तीन ते चार सेंटीमीटर भरतो. पुढचे पंख पांढरट, त्यावर कुंकू आणि काजळाची बोटं उमटवावीत तसे लाल-काळे ठिपके. मागचे पंख पांढरे, कडेला काळी वेडीवाकडी किनार. बसला की पंख अंगाला गुंडाळून घेतो, त्यामुळे लांबून काडीसारखा दिसतो.

अळी काळसर, तिच्यावर पांढरे पट्टे, लाल-नारिंगी खुणा आणि विरळ केस. एवढा भडक रंग घेऊन ती उघड्यावर बिनधास्त बसते, त्याला कारण आहे. तागाच्या जातीतल्या झाडांत, बियांत जास्तच, विषारी द्रव्यं असतात. ती खाऊन अळी स्वतःच्या अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला फारसे जात नाहीत. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावतात, त्यांचा इथे तेवढा उपयोग होत नाही तो यामुळेच.

अळी दिसली की लगेच फवारा हवाच का? ताग कशासाठी पेरलाय त्यावर ते ठरतं. खतासाठी असेल तर पीक फुलोऱ्यात येताना, म्हणजे 45 ते 50 दिवसांत गाडायचंच असतं. थोड्या पानांना भोकं पडली म्हणून औषधावर पैसे घालणं म्हणजे मातीत पैसे टाकणं. अळी फारच वाढली तर चार दिवस आधी गाडा.

बियाण्याचा ताग असेल तर मात्र गोष्ट वेगळी. अळी मोठी झाली की पानं सोडून शेंगेला भोक पाडते आणि आतले दाणे खाते. बाहेरून शेंग धड दिसते, फोडल्यावर आत विष्ठा आणि भुसा. हिरवळीच्या खताला एकरी 20 ते 25 किलो बी लागतं, त्यामुळे घरचं बी गेलं की पुढच्या हंगामात विकत घेणं आलं.

गल्लत मात्र होते. शेंगेत केस नसलेली, अंगावर उभ्या रेषा असलेली हिरवी किंवा तपकिरी अळी निघाली तर ती घाटेअळी असण्याची शक्यता जास्त. शेंडा सुजून गाठ आली असेल तर तो शेंडा पोखरणाऱ्या अळीचा उद्योग. ती खोडाच्या आत असते, वरून दिसत नाही. दाट, लांब केसांच्या अळ्या झुंडीने पानाची जाळी करत असतील तर सोयाबीनवर येणारी बिहारी केसाळ अळी आहे का ते बघावं. मोबाइलवर ‘ताग अळी’ शोधताना एक ध्यानात ठेवा : गोणपाटाच्या ज्यूटलाही मराठीत तागच म्हणतात. ते पीक वेगळं, त्याच्या अळ्याही वेगळ्या.

बियाण्याच्या प्लॉटमध्ये फुलं लागल्यापासून दोन-चार दिवसांनी फेरी मारावी. अळ्या थोड्या असताना वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या तरी भागतं; केसांनी खाज येऊ नये म्हणून हातमोजे किंवा पिशवी वापरावी. वाढल्या तर 5 टक्के निंबोळी अर्क लहान अळ्यांवरच मारावा, मोठ्या झाल्यावर दाद देत नाहीत. फवारणी संध्याकाळीच करा. तागाला शेंग धरायला भुंगे आणि मोठ्या मधमाश्या लागतात. दिवसा फुलांवर औषध गेलं तर अळीआधी तेच मरतात आणि शेंगा कमी लागतात.

बांधावरचा खुळखुळाही तपासा. तो तागाच्याच जातीचा, पतंग त्यावरही अंडी घालतो. ओळख पटत नसेल तर अळी, फोडलेली शेंग आणि पतंग असे तिन्ही फोटो जवळून काढून सहायक कृषी अधिकाऱ्यांना पाठवा. नुसत्या भोकं पडलेल्या पानाच्या फोटोवरून कुणालाच नक्की सांगता येत नाही.