शेवंतीची रोपे घरच्या घरी

दसरा-दिवाळीच्या बाजारात शेवंतीला किती मागणी असते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास सांगावयास नको. तथापि, या पिकाचे बरेवाईट ठरते ते फुलांचा बहर संपल्यानंतर. हंगाम आटोपताच झाडे उपटून बांधावर टाकावयाची आणि उन्हाळ्यात मिळतील ती रोपे विकत आणावयाची, अशी रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. अशा रोपांबरोबर कोणता वाण आला आणि कोणता रोग आला, हे कळेपर्यंत श्रावण उजाडतो व तोवर लावणीचा काळ निघून गेलेला असतो. वास्तविक चार कुंड्यांची जागा असलेल्या गृहिणीसही ही रोपे घरी करता येतात.

शेवंतीच्या बियांपासून मूळ झाडासारखे झाड मिळेलच असे नाही. काश्या किंवा शेंड्याचे छाट लावले असता मात्र मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतात. त्याचबरोबर मूळ झाडातील रोगही छाटांतून पुढे जातो. म्हणून झाडांची निवड फुले अंगावर असतानाच करावी. ज्याची फुले भरदार व एकसारखी आहेत, पाने खालपर्यंत हिरवी आहेत आणि ज्यास मावा किंवा मर यांचा उपद्रव झालेला नाही, अशा झाडास रंगीत दोरा बांधून ठेवावा. फुले उतरल्यावर झिप्री कोणती व राजा कोणती हे जाणत्यासही पटकन ओळखता येत नाही. क्वचित एखाद्या फांदीवर निराळ्या रंगाचे फूल येते. ती फांदी खुणेने वेगळी राखावी. शेवंतीचे कित्येक वाण अशाच फांद्यांपासून निपजले आहेत.

बहर संपल्यावर खुणेची झाडे जमिनीपासून चार बोटांवर छाटावीत. चांगले कुजलेले शेणखत घालून बेताचे पाणी दिले की बुडाशी काश्या फुटतात. त्या मुळांसह अलग करून निराळ्या वाफ्यात किंवा कुंडीत वाढवाव्यात. थोड्या रोपांवर काम भागत असेल तर याच काश्या पुढे एप्रिल-मे महिन्यांत कायम जागी लावता येतात. अधिक रोपे हवी असल्यास त्यांच्या कोवळ्या शेंड्यांचे छाट घ्यावेत.

छाट दोन ते तीन इंचांचा, सकाळच्या थंड वेळी घ्यावा. शेंडा फार लुसलुशीत नसावा, तसाच काष्ठमयही नसावा. वाकविला असता चटकन मोडणारा असावा. ज्यावर कळी दिसते तो शेंडा टाळावा. धारदार पाते उकळत्या पाण्यातून काढून पेराच्या लगत खाली काप द्यावा व खालच्या अर्ध्या भागातील पाने काढून टाकावीत. लावणीसाठी धुतलेली जाडसर वाळू किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा वापरावा. शेणखत या वेळी मुळीच घालू नये. मुळे नसलेल्या छाटास खताचा उपयोग होत नाही, उलट कूज मात्र लवकर लागते. बुडाशी छिद्र असलेले पसरट खापर या कामास उत्तम. मुळे फुटण्यासाठी संजीवकाची पूड बाजारात मिळते, पण शेवंतीचे तिच्यावाचून अडत नाही.

शेवंती हे उन्हाचे झाड, म्हणून पुष्कळ लोक छाटही थेट उन्हात ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी ते माना टाकतात. पानांतून पाणी उडत असते व ते भरून काढण्यास खाली मुळे नसतात, हे त्याचे कारण. पहिले दोन ते तीन आठवडे छाट उजेडाच्या पण सावलीच्या जागी ठेवावेत. पाणी झारीने शिंपडावे. वाळू ओलसर असावी, चिखल होऊ नये. नवे पान फुटू लागले आणि छाट हलकेच ओढला असता जागचा हलेना, म्हणजे मुळे धरली असे समजावे. मग प्रथम सकाळचे ऊन, नंतर दिवसभराचे, अशी सवय लावावी.

कायम जागेवर किमान सहा तास ऊन पडावे आणि पावसाचे पाणी साचू नये. लावणीनंतर सुमारे चार आठवड्यांनी शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या वाढून फुलांची संख्या वाढते.

परसात शेवंती लावणाऱ्यांची एक तक्रार विस्तार कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार येते: झाड हिरवेगार, पण दसरा गेला तरी कळी नाही. अशा वेळी खताची चौकशी करण्यापूर्वी रात्री तेथे जाऊन पाहावे. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी संबंध असतो, हे गार्नर व ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन या पिकांवरून दाखवून दिले. शेवंतीही रात्री मोठ्या होऊ लागल्यावरच कळ्या धरते. अंगणातील किंवा रस्त्यावरील दिवा रात्रभर तिच्यावर पडत असल्यास तिच्या लेखी रात्र मोठी होतच नाही. कुंडी असेल तर घराच्या अंधाऱ्या बाजूस, पण दिवसा ऊन मिळेल अशा ठिकाणी हलवावी. वाफा असेल तर दिव्याचे तोंड फिरवून घ्यावे.