घरच्या जाळ्याचा पहारेकरी

भिंतीआडच्या खोलीत मुलांचा ऑनलाइन तास अडखळू लागला, म्हणजे तारेचे मोल कळते. तारेचा राउटर निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. पहिली गोष्ट पोर्टांची. १०० मेगाबिटांच्या पोर्टातून ३०० मेगाबिटांची जोडणी पूर्ण वेगाने येत नाही. म्हणून सर्व पोर्ट गिगाबिटचे असावेत. दुसरी केबलची. ‘कॅट ५ई’ केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग पेलते. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, निर्मात्याकडून मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणांची. त्या बंद पडलेला राउटर म्हणजे झोपी गेलेला पहारेकरी! पोर्ट अपुरे पडल्यास साधा स्विच जोडावा. मूळचा पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदलावा. वाचकहो, काटकसर दिखाऊ अँटेनांवर करावी, पहाऱ्यावर नव्हे.