प्रेक्षकांची निष्ठा : संघावर की खेळाडूवर?

१ एप्रिल २०२४ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर मुंबई इंडियन्स या संघाचा त्या मोसमातील पहिला घरचा सामना होता. यजमान संघाचा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीसाठी मैदानात आला आणि त्याच संघाचा निळा सदरा अंगात घालून बसलेल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. गलका इतका वाढला, की नाणेफेकीचे सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना सभ्यतेने वागण्याची सूचना करावी लागली. पाहुण्या कर्णधाराच्या वाट्याला असे स्वागत आले असते, तर त्यात कोणाला नवल वाटले नसते. परंतु आपल्याच संघाच्या कर्णधाराचा, आपल्याच मैदानावर, एकही चेंडू पडण्यापूर्वी असा उपमर्द व्हावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

कारण सर्वश्रुत आहे. ज्या रोहित शर्माच्या नेतृत्वाखाली या संघाने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच अजिंक्यपदे मिळविली, त्याच्याकडून संघाच्या चालकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कर्णधारपद काढून घेतले व ते पंड्याला दिले. पंड्याही मूळचा याच संघातला. २०१५ साली त्याची आयपीएलमधील कारकीर्द येथेच सुरू झाली. मध्यंतरी तो गुजरातच्या संघात गेला आणि २०२२ साली त्या संघाला त्याने अजिंक्यपद मिळवून दिले. परंतु प्रेक्षकांना हा हिशेब मान्य नव्हता. संघ आणि खेळाडू यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी खेळाडूची निवड केली.

यावर जुन्या पिढीतील क्रिकेटरसिक खेदाने म्हणतात, की पूर्वी असे नव्हते. पूर्वीचा प्रेक्षक संघाचा होता, आजचा व्यक्तीचा आहे. हे म्हणणे कितपत खरे आहे?

जुन्या निष्ठेचे स्वरूप

त्यात तथ्यांश आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातील सामने हा एके काळी मुंबईच्या मध्यमवर्गीय जीवनातील जिव्हाळ्याचा विषय होता. एकीकडे माधव मंत्री, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, तर दुसरीकडे अजित वाडेकर, संदीप पाटील, अशी नावे या दोन संघांशी जोडलेली होती. कांगा लीगच्या पावसाळी सामन्यांत, चिखलाने माखलेल्या मैदानावर, कसोटी खेळलेला फलंदाज आणि कचेरीतून सुटी काढून आलेला गोलंदाज समोरासमोर उभे राहत. प्रेक्षकही त्याच वस्तीतले, त्याच शाळांतले. संघ हा त्यांच्या शेजाराचाच एक भाग होता. त्यामुळे खेळाडू आले आणि गेले, तरी संघाविषयीची आपुलकी टिकून राही.

तथापि, संघनिष्ठा म्हणजे नेहमीच सद्गुण, असे मानण्याचे कारण नाही. याच मुंबईत पंचरंगी सामने हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर अशा जमातवार संघांत होत असत. त्या संघांविषयीची निष्ठाही प्रखरच होती. १९४० साली गांधीजींनी या प्रकाराविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ नंतर ते सामने कायमचे बंद झाले. आंधळी संघनिष्ठा माणसांना कोणत्या वाटेने नेऊ शकते, हे जुन्या काळाचे गोडवे गाताना विसरून चालणार नाही.

उलट पक्षी, पूर्वीचा प्रेक्षक व्यक्तिपूजक नव्हता, हेही खरे नाही. १९८४ च्या अखेरीस कपिल देवला इंग्लंडविरुद्धच्या कलकत्त्याच्या कसोटीतून वगळण्यात आले, तेव्हा ‘कपिल नाही, तर कसोटी नाही’ अशा अर्थाचे फलक त्या शहरात झळकले आणि ईडन गार्डन्सवर भारताचाच कर्णधार गावसकर याला प्रेक्षकांचा रोष सहन करावा लागला. कपिल काही बंगालचा नव्हे, तो हरियाणाचा. पुढे मार्च २००६ मध्ये तर वानखेडेवरच, इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत अवघी एक धाव काढून परतणाऱ्या सचिन तेंडुलकरचीही काही प्रेक्षकांनी हुर्यो उडविली होती.

एकाच शहराचे दोन स्वभाव

कलकत्त्याचे उदाहरण आणखी एका दृष्टीने उद्बोधक आहे. क्रिकेटमध्ये एका परप्रांतीय खेळाडूसाठी आपल्या देशाच्या कर्णधारावर रुष्ट होणारे हे शहर फुटबॉलच्या मैदानावर मात्र पक्के संघनिष्ठ आहे. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान आणि १९२० साली निघालेला ईस्ट बंगाल यांच्या चाहत्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या निर्वासितांना ईस्ट बंगालच्या रूपाने नव्या शहरात आपले म्हणता येईल असे काही गवसले. सामना जिंकला, की कोणत्या घरी हिलसा आणि कोणत्या घरी कोळंबी शिजणार, इथपर्यंत ही निष्ठा स्वयंपाकघरात पोहोचली आहे. खेळाडू या क्लबातून त्या क्लबात जातात. चाहते जागचे हलत नाहीत.

या निष्ठेच्या बळाचा प्रत्यय अलीकडेच आला. २०२० साली मोहन बागानचा फुटबॉल संघ एका व्यावसायिक संघात विलीन झाला आणि क्लबाच्या शतकाहून जुन्या नावाआधी त्या संघाची ‘एटीके’ ही आद्याक्षरे जोडण्यात आली. चाहत्यांनी ती आद्याक्षरे काढून टाकावीत म्हणून सतत आग्रह धरला आणि २०२३ साली मालकांना नाव बदलावे लागले. येथे भांडण कोणा खेळाडूसाठी नव्हते, तर नावासाठी होते.

तेव्हा माणसे एकच, शहर एकच; पण निष्ठेचा विषय निराळा. याचा अर्थ असा, की निष्ठा व्यक्तीवर बसावी की संघावर, हे प्रेक्षकांच्या स्वभावावर ठरत नाही. तो संघ त्यांच्यापुढे कोणत्या रूपाने उभा आहे, यावर ते ठरते.

लिलावातील संघ

या कसोटीवर आयपीएलमधील संघ घासून पाहावेत. २००८ साली ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा शहरांची नावे असलेले संघ बोली लावून विकले गेले. त्यांना सभासद नाहीत, वार्षिक सभा नाही, वस्ती नाही. दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि मोजके खेळाडू वगळता सारा संघ विस्कटून नव्याने जुळविला जातो. काल ज्याच्यासाठी टाळ्या वाजविल्या, तो आज प्रतिस्पर्धी संघात असतो. अशा स्थितीत प्रेक्षकाने जीव लावावा तो कशाला? सदऱ्याच्या रंगाला की मालकाच्या नावाला? साहजिकच जो खेळाडू वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्याच्याच ठायी त्याला संघ दिसू लागतो. २०११ पासून या संघात असलेला, बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा हा प्रेक्षकांच्या लेखी मुंबई इंडियन्सचा कर्णधार नव्हता. तोच मुंबई इंडियन्स होता. म्हणूनच वानखेडेवरील तो गलका संघद्रोह नव्हता. आपल्याला न विचारता आपला संघ बदलला, अशी ती तक्रार होती.

ती समजण्यासारखी आहे. समर्थनीय मात्र नाही. कर्णधार बदलण्याचा निर्णय चालकांचा होता आणि त्याची शिक्षा एका तीस वर्षांच्या खेळाडूला महिनोन्‌महिने भोगावी लागली. त्या मोसमात हा संघ दहा संघांत शेवटच्या स्थानावर राहिला. पुढे २९ जून २०२४ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, रोहितच्याच नेतृत्वाखाली, शेवटचे षटक टाकून पंड्याने भारताला सात धावांनी विजय मिळवून दिला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. खेळाडू तोच होता. परंतु तीन महिन्यांपूर्वी त्याने सोसलेल्या अपमानाची भरपाई अशा जयघोषाने होते काय?

व्यक्तिनिष्ठेची किंमत

व्यक्तिनिष्ठेची दुसरी किंमत खुद्द खेळाला मोजावी लागते. चेन्नईच्या प्रेक्षकांचे धोनीवरील प्रेम इतके उत्कट, की तो फलंदाजीस यावा म्हणून आपल्याच संघाचा गडी बाद होण्याची वाट पाहिली जाते. २०२३ साली रवींद्र जडेजाने ही गोष्ट हसत हसत बोलूनही दाखविली. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली बारा वर्षांनी रणजी सामना खेळला, तेव्हा दिल्लीचे मैदान दहा हजारांहून अधिक प्रेक्षकांनी भरले. दुसऱ्या दिवशी तो सहा धावांवर त्रिफळाचीत झाला आणि प्रेक्षक उठून चालू लागले. दिल्लीने तो सामना डावाने जिंकला. पण तो पाहण्यासाठी बरेच जण थांबले नव्हते.

मुंबईनेही याबाबत आत्मपरीक्षण करावयास हवे. पंड्याची हुर्यो उडण्याच्या अवघे अठरा दिवस आधी, १४ मार्च २०२४ रोजी, त्याच वानखेडेवर मुंबईने विदर्भाला हरवून बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे हा करंडक मुंबईकडे होता. या संघाला मालक नाही, त्याचा लिलाव होत नाही आणि त्यातील खेळाडू शालेय स्पर्धांतून, क्लबांच्या मैदानांतून वर येतात. शहराचा म्हणावा असा संघ हाच. परंतु त्याच्या विजयावरून गाडीच्या डब्यात वा कचेरीत वाद रंगल्याचे ऐकिवात नाही.

मोठ्या खेळाडूवर प्रेम करण्यात गैर काहीच नाही. क्रिकेटची गोडी लागते ती बहुधा एखाद्या खेळाडूमुळेच. परंतु तो खेळाडू ज्या मैदानातून आला, तिकडेही प्रेक्षकांची पावले वळली पाहिजेत. रोहित शर्माही एक दिवस निवृत्त होईल. त्याच्या जागी येणारा मुलगा आज आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर, रिकाम्या कडेसमोर, खेळत असेल. त्याचा खेळ पाहण्यास तिकीट लागत नाही.