कृषिदूतांच्या वहीवरील ‘०+२०’ : या आकड्याचा अर्थ काय?

कृषी महाविद्यालयाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी काही आठवडे गावात राहावयास येतात. त्यांना आपण कृषिदूत, कृषिकन्या म्हणून ओळखतो. मातीचा नमुना कसा घ्यावा, बीजप्रक्रिया कशी करावी हे ते दाखवितात आणि जाताना वहीवर आपली सही मागतात. ही मुले गावात सहलीला आलेली नसतात. ती एक विषय पूर्ण करीत असतात आणि त्या विषयाचा वर्ग म्हणजे आपले शेत असते.

आकडा कसा वाचावा?

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलेले असले की नत्र, स्फुरद व पालाश किती, हे आपण लगेच ओळखतो. कृषी पदवीच्या प्रत्येक विषयापुढेही असाच आकडा असतो. उदाहरणार्थ, ३ (२+१). येथे ३ म्हणजे एकूण श्रेयांक; मुले त्यांना क्रेडिट म्हणतात. कंसातील पहिला आकडा वर्गातील शिकवणीचा व दुसरा प्रात्यक्षिकाचा. म्हणजे सत्रभर आठवड्याला दोन तासिका व एक प्रात्यक्षिक. (०+२०) असे असेल तर वर्गातील शिकवणी शून्य, सर्व काम प्रत्यक्ष.

प्रात्यक्षिक आणि अनुभव यांतील फरक

प्रयोगशाळेत दोन तासांत मातीचा सामू काढणे हे प्रात्यक्षिक झाले. पेरणीपासून विक्रीपर्यंत पीक सांभाळून नफा-तोट्याचा हिशेब मांडणे हा अनुभव होय. पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिक विषयात विद्यार्थ्यांचे गट हेच करतात. हिशेबात मजुरीचा खर्च चढला की नफा कोठे जातो, हे त्यांना तेव्हा कळते. म्हणून अनुभवाच्या विषयांना वेगळी ओळख देणे आवश्यक ठरते.

ही ओळख कशी पडली?

१९९२ साली रंधवा समितीने ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमाची शिफारस केली. २५ जुलै २०१५ रोजी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ‘स्टुडंट रेडी’ योजना सुरू झाली. तिच्यात कार्यानुभव, अनुभवाधारित शिक्षण, उद्योगातील प्रशिक्षण, कौशल्य प्रशिक्षण व विद्यार्थी प्रकल्प अशी पाच अंगे आहेत. पाचव्या अधिष्ठाता समितीने कार्यानुभवाच्या २० आठवड्यांची विभागणी पुढीलप्रमाणे सुचविली :

१) पूर्वतयारी – १ आठवडा
२) गावात शेतकऱ्यांसोबत – ८ आठवडे
३) विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्र – ५ आठवडे
४) पीक चिकित्सालय – २ आठवडे
५) कृषी उद्योग – ३ आठवडे
६) अहवाल व मूल्यमापन – १ आठवडा

यात सर्वांत मोठा वाटा गावाचा आहे, हे ध्यानात घ्यावे. याशिवाय अळिंबी उत्पादन, मधमाशीपालन, बीजोत्पादन, कुक्कुटपालन, फळ प्रक्रिया अशा विषयांत विद्यार्थी प्रत्यक्ष माल तयार करून विकतात. २०२४-२५ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी सहाव्या समितीच्या शिफारशी आहेत. त्यांत कौशल्याचे विषय पहिल्या वर्षापासूनच घातले आहेत.

नाव एक, काम दुसरे नको

पोत्यावर १०:२६:२६ छापले आणि आत भलताच माल निघाला, तर पिकाचे नुकसान होते. येथेही तसेच आहे. एका गावात मी विद्यार्थ्यांची वही पाहिली, तेव्हा पुढच्या आठवड्याच्या सह्यादेखील आधीच झालेल्या होत्या. ‘पोरं चांगली आहेत, कशाला अडवायचं?’ असे त्या काकांचे म्हणणे. हेतू चांगला होता; परंतु ज्या मुलाने कोळपे कधी हातात धरले नाही, तोच उद्या कृषी अधिकारी म्हणून आपल्याला सल्ला देणार आहे. त्या सह्यांत चूक आम्हा शिक्षकांचीही होती, कारण आम्ही गावात वेळेवर पोहोचलो नव्हतो.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) विद्यार्थी आल्यावर त्यांचा कार्यक्रम व मार्गदर्शक प्राध्यापकाचे नाव विचारून घ्यावे.
२) पेरणी, फवारणी, काढणी, बाजार या प्रत्येक कामात त्यांना सोबत घ्यावे. फवारणीच्या वेळी मात्र हातमोजे व मुखपट्टी असल्याशिवाय पंप देऊ नये.
३) खर्चाचा खरा आकडा सांगावा. तोटा झाला असल्यास तोही सांगावा.
४) सही काम झाल्यावर, त्याच दिवशी करावी.
५) मुलामुलींना कृषी पदवीस घालताना माहितीपुस्तिकेतील कंसातले आकडे वाचावेत आणि त्या कामासाठी महाविद्यालयाकडे शेत, गोठा व प्रक्रिया यंत्रे आहेत का, हे स्वतः जाऊन पाहावे.

‘०+२०’ मधील शून्य आमच्या तासिकांचे आहे. पुढचे वीस खरे ठरण्यासाठी, विशेषतः गावातील आठ आठवड्यांत, आपल्या बांधावरची शिकवण मिळणे गरजेचे आहे.