जत्रा, गिरणी आणि समुद्रकिनारा

इंग्लंडमधील समुद्रकाठच्या शहरांविषयी तेथील वृद्ध पिढी आजही मोठ्या हळवेपणाने बोलते. ब्लॅकपूल, स्कारबरो, ब्रायटन, स्केगनेस ही नावे निघाली की वाळूवर ओळीने मांडलेल्या कापडी आरामखुर्च्या, मुलांना पाठीवर घेऊन संथपणे चालणारी गाढवे, ‘पंच आणि ज्युडी’ यांचा बाहुल्यांचा खेळ, कागदात गुंडाळलेले तळलेले मासे व बटाटे आणि जिच्या आरपार शहराचे नाव उमटलेले असते ती साखरेची कांडी, अशी चित्रांची मालिकाच उभी राहते. तेथील समुद्र थंड, वारा बोचरा आणि पाऊस बेभरवशाचा. परंतु स्मरणात हे सारे गोडच होऊन बसले आहे.

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोहोंपासून शेकडो मैल आत वसलेल्या नागपूरच्या वाचकाला या आठवणींचे काय सोयरसुतक, असा प्रश्न साहजिकच पडेल. वस्तुतः संबंध आहे, आणि तो कापसाच्या धाग्याचा आहे. त्या किनाऱ्यावर लोटलेली गर्दी प्रामुख्याने सूतगिरण्यांतील कामगारांची होती. वऱ्हाड-नागपूरच्या आधुनिक इतिहासाची घडणही कापूस आणि सूतगिरणी यांनीच केली. धंदा एक, यंत्रे एक. तरीही एका ठिकाणच्या कामगाराच्या वाट्याला समुद्रकिनाऱ्याची आठवण आली, दुसऱ्या ठिकाणच्या आली नाही. हे अंतर भूगोलाचे नाही. ते अर्थकारणाचे आणि कायद्याचे आहे.

औषधाकडून करमणुकीकडे

समुद्रस्नान हा इंग्लंडात प्रथम औषधोपचार होता. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राचे पाणी गुणकारी असल्याचे ग्रंथ लिहून प्रतिपादिले आणि धनिकांची पावले ब्रायटनकडे वळली. पुढे राजघराण्याचा आश्रय लाभल्याने त्या गावाची भरभराट झाली. तिचा लाभ घेणाऱ्यांत एक भारतीयही होता. पाटण्यास जन्मलेल्या दीन महंमद याने तेथे औषधी वाफारा आणि चंपीचे स्नानगृह थाटले आणि राजा चौथा जॉर्ज याचा अंगमर्दक म्हणून मान मिळविला. इंग्रजी भाषेतील ‘शाम्पू’ हा शब्द आपल्या ‘चंपी’चाच वंशज आहे. पहिल्या महायुद्धात याच ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय होते. तेथे मरण पावलेल्या हिंदू व शीख सैनिकांना जेथे अग्नी दिला, त्या टेकडीवर १९२१ साली उभारलेली संगमरवरी छत्री आजही दिसते.

सामान्य माणूस मात्र समुद्रावर पोहोचला तो आगगाडीने. १८४१ मध्ये लंडन-ब्रायटन मार्ग पुरा झाला, १८४६ मध्ये ब्लॅकपूलला रूळ आले. १८७१ च्या कायद्याने बँकांना काही सोमवार सुटीचे ठरवून दिले आणि हळूहळू ते साऱ्या देशाचे सुटीचे दिवस झाले. १८९४ मध्ये ब्लॅकपूलला पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या धर्तीवर मनोरा उभा राहिला, तेव्हा ते गाव गिरणी कामगारांची पंढरी बनले होते.

जत्रेची सुटी

या गर्दीचे मूळ मोठे उद्बोधक आहे. लँकेशायरमधील गावोगावी तेथील चर्चच्या संताच्या नावाने वार्षिक उत्सव भरे. त्याला ‘वेक्स’ म्हणत. आपल्याकडील ग्रामदैवताच्या जत्रेचाच तो प्रकार. गिरण्या आल्या तरी कामगारांनी जत्रा सोडली नाही. त्या दिवसांत निम्मे माग रिकामे राहत. अखेर मालकांनीच व्यवहार ओळखला आणि त्या आठवड्यात गिरणी सबंध बंद ठेवून बॉयलर साफ करण्याची व यंत्रे दुरुस्त करण्याची प्रथा पाडली. अशा रीतीने जत्रेचा आठवडा हा समुद्राचा आठवडा झाला.

यात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात घ्यावे असे दोन मुद्दे आहेत. पहिला असा की प्रत्येक गावाचा जत्रेचा आठवडा वेगळा असल्यामुळे ब्लॅकपूलची सारी गर्दी एकाच वेळी उसळत नसे. एका गावची गाडी परतली की दुसऱ्या गावची येई. त्यामुळे खानावळवाल्या बायांच्या खोल्या उन्हाळाभर भरलेल्या राहत आणि दर कामगाराच्या आवाक्यात राहू शकत. दुसरा मुद्दा असा की ही सुटी दीर्घकाळ बिनपगारी होती. कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे बचत मंडळात टाकीत आणि जत्रेच्या आधी ती पुंजी उचलीत. जी सहल आज रम्य वाटते, तिच्यामागे वर्षभराची काटकसर होती.

पगारी रजेसाठी कामगार संघटनांना अनेक वर्षे झगडावे लागले. १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने पगारी सुटीचा करार संमत केला आणि १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये तद्विषयक कायदा झाला. त्याच सुमारास, १९३६ मध्ये, बिली बटलिन याने स्केगनेसला आपले पहिले सुटीचे शिबिर काढले होते. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुटी, अशी त्याची जाहिरात असे. युद्ध संपल्यावर या कायद्याचे फळ दिसू लागले आणि समुद्रकाठच्या शहरांचा सुवर्णकाळ आला. आज ज्या आठवणी निघतात त्या बहुतांशी याच काळाच्या. त्या जितक्या समुद्राच्या आहेत तितक्याच पगारी रजेच्याही आहेत.

नागपूरची सुटी

आता आपल्याकडे पाहू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून ओस पडल्या, तेव्हा इंग्रजांचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळले. या भागासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. तिकडे लोहमार्गाने माणसे समुद्राकडे नेली. इकडे समुद्राकडे गेल्या त्या कापसाच्या गाठी.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीसारख्या योजना या गिरणीने कायद्याची वाट न पाहता राबविल्या, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु देशातील एकंदर गिरणी कामगाराला आठवड्याची एक सुटीसुद्धा सहजासहजी मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कामगारांनी लढा दिला, तेव्हा १८९० मध्ये तेथील गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुटीला स्थान मिळाले. पगारी वार्षिक रजा कायद्यात यायला १९४५ साल उजाडले. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. या रजेत गिरणी कामगार सहसा समुद्रावर गेला नाही. तो गावी गेला. घरची पेरणी, कापणी किंवा बहिणीचे लग्न यांत त्याची रजा खर्ची पडली.

साहेबाची गोष्ट वेगळी होती. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना उन्हाळ्यात सरकार पचमढीला हलत असे आणि वऱ्हाडातील अधिकारी चिखलदऱ्याला जात. विशेष हे की त्याच पचमढीच्या वाटेने विदर्भातील शेतकरी-कष्टकरीही पिढ्यान् पिढ्या जात आला आहे. महाशिवरात्रीला चौरागडच्या महादेवाला त्रिशूळ वाहायला आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या यात्रेला तो जातो. एकाच डोंगरावर साहेबाची हवापालट आणि गरिबाची यात्रा शेजारी शेजारी नांदली. लँकेशायरमध्ये यात्रेचे रूपांतर हक्काच्या सुटीत झाले. आपल्याकडे यात्रा ही यात्राच राहिली आणि तिच्यासाठी रोजंदारी बुडवावी लागली.

मध्यमवर्गाची सोय दोन मार्गांनी झाली. एक म्हणजे मामाचे गाव. विदर्भातील उन्हाळी सुटी दीर्घ, शाळाही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडणाऱ्या. या सुटीचा खर्च बाजाराने नव्हे, नात्याने उचलला. त्यात मामीच्या श्रमांचा हिशेब कोणी मांडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. दुसरा मार्ग सरकारी नोकरीचा. १९५६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना प्रवास सवलत दिली. ती आधी स्वगावी जाण्यापुरती होती, पुढे भारतात कोठेही जाण्यासाठी मिळू लागली. नागपूरच्या कितीतरी कारकुनांच्या कुटुंबांनी पुरी, रामेश्वर वा कन्याकुमारी येथे समुद्र प्रथम पाहिला तो या सवलतीच्या तिकिटावर. देवदर्शनही झाले आणि मुलांना लाटाही दिसल्या.

ओहोटी

१९६० नंतरच्या काळात स्वस्त विमानप्रवास सुरू झाला आणि इंग्रज कामगार स्पेनच्या उन्हात जाऊ लागला. त्याच काळात लँकेशायरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. गिरणीच नाही तर तिच्या सुटीचा आठवडा कोठला? समुद्रकाठची अनेक शहरे बेकारीने आणि ओस पडलेल्या खोल्यांनी ग्रासली. २०१९ मध्ये लॉर्ड्स सभेच्या समितीला त्यांच्या पुनरुज्जीवनावर अहवाल द्यावा लागला. इकडे एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे.

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि २०२५ मध्ये नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग शेवटच्या टप्प्यासह खुला झाला. वाट सुकर झाली, हे खरे. परंतु ब्लॅकपूलचा धडा असा की किनारा केवळ रस्त्यांनी आणि खोल्यांनी बहरत नाही. पगारी रजा हाती असलेला मोठा वर्ग त्यासाठी लागतो. आपल्याकडे दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढ्यातच सारी गर्दी लोटते, भाडी कडाडतात आणि एरवी खोल्या रिकाम्या राहतात. विभागवार सुट्या थोड्या मागेपुढे केल्या तर कोकणातल्या घरमालकाला आणि विदर्भातल्या पाहुण्याला, दोघांनाही ते सोयीचे होईल.

याहून मोठा प्रश्न मात्र रजेच्याच हक्काचा आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने नियतकालिक पगारी सुटी हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. नव्या श्रमसंहितेने २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली, हे स्वागतार्ह आहे. परंतु आपल्या देशातील बहुसंख्य श्रमिक असंघटित आहेत. बांधकामावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, दारोदार सामान पोहोचविणारा तरुण यांना सुटी म्हणजे बुडालेला रोज. सुशिक्षितांनीही यातून आपण सुटलो असे समजू नये. उच्च पदवी घेऊन महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाला तासांचे पैसे मिळतात. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. ज्या उन्हाळी सुटीबद्दल शिक्षकाचा हेवा केला जातो, तीच त्याच्या घरी चूल कशी पेटवावी याची चिंता घेऊन येते. निम्मे माग रिकामे पाहून लँकेशायरच्या मालकांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जो व्यवहार ओळखला, तो महाविद्यालयांनी आणि शासनाने ओळखण्यास आता अधिक विलंब लावू नये. या अध्यापकांना सुटीचे वेतन देणे हा त्याचा आरंभ ठरेल.