कुत्र्यासह गावाकडच्या कॉटेजमध्ये : जबाबदारी कुंपणापलीकडचीही

सुटीत कुत्र्यालाही सोबत न्यायचे ठरले की बहुतेक हॉटेलांचे दरवाजे बंद होतात. मग मुळशी, कोकण, कूर्ग किंवा कुमाऊंसारख्या भागातील स्वयंपाकाची सोय असलेल्या स्वतंत्र कॉटेजचा शोध सुरू होतो. स्वयंपाकघर आपल्या ताब्यात, अंगण मोकळे आणि शेजार दूर असल्याने ही जागा कुत्र्यासाठी आदर्श वाटते. मात्र अशा घरात व्यवस्थापक किंवा रखवालदार असेलच असे नाही आणि पशुवैद्यकीय दवाखाना अनेकदा तालुक्याच्या गावी असतो. हॉटेलात कर्मचारी जी काळजी घेतात, ती येथे पाहुण्यालाच घ्यावी लागते. शिवाय कॉटेजचे कुंपण संपते तेथे कोणाचे तरी शेत, गोठा, कोंबड्यांचे खुराडे किंवा थेट जंगल सुरू होते.

तयारीची सुरुवात लसीकरणापासून होते आणि ती निघण्याच्या आदल्या दिवशी करून भागत नाही. पहिल्या लसीनंतर पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही आठवडे लागतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. कुत्र्यांमुळे माणसांना होणाऱ्या रेबीजचे 2030 पर्यंत उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे. गावात मोकळी फिरणारी कुत्री नव्या कुत्र्यावर धावून येतात, तेव्हा पट्ट्याइतकाच लसीचाही आधार असतो. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्यावरील लसीबाबतही पशुवैद्यकाशी बोलून घ्यावे.

लस केवळ आपल्या कुत्र्याच्या रक्षणासाठी असते, हा समजही अपुरा आहे. कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू कुत्र्यांकडून वन्य मांसभक्षकांपर्यंत पोहोचू शकतो. 2018 मध्ये गुजरातमधील गीरच्या जंगलात काही आठवड्यांत 20 हून अधिक सिंह मरण पावले, तेव्हा मृत सिंहांच्या नमुन्यांत हाच विषाणू आढळला होता. टांझानियातील सेरेंगेटीमध्ये 1994 साली याच साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले आणि त्या साथीचा संबंध परिसरातील पाळीव कुत्र्यांशी जोडला गेला. जंगलाला लागून असलेल्या कॉटेजमध्ये लस न दिलेला कुत्रा नेणे हा म्हणूनच खासगी निर्णय राहत नाही.

रेल्वेने जायचे असल्यास वातानुकूलित प्रथम श्रेणीतील दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची केबिन पूर्णपणे आपल्या नावे आरक्षित असेल, तरच कुत्र्याला सोबत ठेवता येते. अन्यथा त्याला ब्रेक व्हॅनमधील पेटीतून प्रवास करावा लागतो. उन्हाळ्यात हा पर्याय टाळणेच योग्य. मोटारीचा प्रवास सोपा वाटतो; परंतु वाटेत जेवायला थांबल्यावर काचा किंचित उघड्या ठेवून कुत्र्याला आत ठेवण्याची सवय घातक आहे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे 20 अंश सेल्सिअसने वाढू शकते. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. पग, बुलडॉगसारख्या आखूड नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही.

खरा कस लागतो तो मुक्कामाच्या रात्री. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर नवा नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा तेथील बिबट्यांचे सर्वांत मोठे भक्ष्य पाळीव व भटकी कुत्री असल्याचे दिसून आले. शेळ्या-मेंढ्यांचे प्रमाण त्याहून कमी होते. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा बांधतात, तोही बिबट्यापासून मान वाचावी म्हणूनच. शहरातील लॅब्रेडॉरला यातले काहीच ठाऊक नसते. ‘राखण होईल’ म्हणून त्याला ओसरीवर बांधून ठेवणे सर्वांत वाईट, कारण बांधलेल्या कुत्र्याला पळण्याचीही संधी उरत नाही. दिवस मावळल्यावर कुत्रा घरात असावा आणि रात्री त्याला बाहेर न्यावेच लागले, तर आखूड पट्टा व विजेरी हाती असावी. विजेरीचा उपयोग सापांसाठीही होतो. जांभ्या दगडाच्या कोकणात फुरसे, तर शेतांच्या बांधांवर घोणस व नाग आढळतात. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा झाडपाल्यात वेळ घालवणे टाळून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेला दवाखाना गाठावा लागतो. तो कोठे आहे, हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवावे.

घर आरक्षित करताना ‘कुत्रा चालेल का’ एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. कुंपण सलग आहे का, फाटकाखालून निसटण्याइतकी जागा आहे का, घरमालकाची स्वतःची कुत्री आहेत का, आजूबाजूला कोंबड्या व शेळ्या मोकळ्या असतात का, हे विचारावे. उंदरांसाठी विष ठेवले आहे का, हेही आवर्जून विचारावे. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घरांत कपाटामागे किंवा माळ्यावर ते हमखास असते आणि कुत्र्याचे नाक ते आधी शोधते.

स्वयंपाक आपणच करत असल्याने उरलेले अन्नही आपल्याच हातून जाते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी नष्ट करतात, मनुका व द्राक्षे मूत्रपिंडाला इजा करतात. मटणाची शिजवलेली हाडे ठिसूळ होऊन आतड्यात टोचू शकतात. थोडक्यात, रस्सा कितीही चविष्ट झाला असला तरी तो त्याच्यासाठी नाही.

गावकऱ्यांशी संबंध हा बहुधा दुर्लक्षिला जाणारा भाग. पाहुण्याच्या कुत्र्याने एक कोंबडी मारली, तर तो पर्यटकासाठी खेदाचा प्रसंग असतो, पण घरातल्या बाईसाठी ते अंड्यांचे रोजचे उत्पन्न असते. भरपाई मागितली जाण्यापूर्वीच द्यावी. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी दक्षता न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कुत्रा कोणाला चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि लसीकरण झालेले असले तरी त्या व्यक्तीला डॉक्टरकडे न्यावे.

परतीच्या दिवशी मोटारीत बसण्यापूर्वी कुत्र्याचे कान, काखा आणि बोटांमधील जागा नीट तपासावी. गोचिडांमुळे कुत्र्यांना एर्लिकिओसिस व बेबेसिओसिस हे रक्ताचे आजार होतात. सिंधुदुर्ग, गोवा व कर्नाटकाच्या घाटभागात माणसांना होणारा माकडतापही गोचिडांमार्फतच पसरतो. तो 1957 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. गोचीड दिसल्यास ती बोटांनी न चिरडता चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पुढील दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याला ताप आला, त्याने खाणे सोडले किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर तो कोठे जाऊन आला हे पशुवैद्यकाला आधी सांगावे.