कॅमेऱ्यामागून (भाग ७) : आधी प्रेक्षकाला कळू द्या

हिंगोलीतल्या कॉलेजच्या पोरांनी थ्रिलर करायचा म्हटलं की पहिली मागणी येते खोट्या पिस्तुलाची आणि दुसरी धुराच्या मशीनची. पिस्तूल रस्त्यावर नेणार असाल तर ठाण्यात आधी लेखी कळवा, एवढं सांगून मी तो विषय संपवतो. खरा प्रश्न वेगळा आहे : या क्षणी कुणाला काय माहीत आहे?

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ (२०१८) पुण्यात घडतो. आंधळ्याचं सोंग घेतलेला आकाश एका फ्लॅटमध्ये पियानो वाजवतोय, आणि तिथंच प्रेत पडलंय. त्याला दिसतं हे आपल्याला ठाऊक, खुन्यांना नाही. पियानो थांबत नाही, मागे प्रेताची आवराआवर चालू राहते. मूळ कल्पना एका फ्रेंच लघुपटाची, तोही पंधरा मिनिटांच्या आतला. त्यामुळे ‘आमची फिल्म छोटी, ताण कुठून आणायचा’ ही सबब चालत नाही. खुद्द राघवन यांनीही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना १९८७ साली ‘द एट कॉलम अफेअर’ ही छोटीच फिल्म केली. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा धावपटू शेवटच्या पानावरच्या टेनिसपटूकडे धावत सुटतो, मधली सगळी पानं ओलांडत. संकलन राजकुमार हिरानींचं.

आता हळदीच्या गोदामात चला. हिंगोली-वसमतकडं त्यांना तोटा नाही. मुलगी पोत्यांच्या थप्पीमागं लपलीय, शोधणारा दारातून आत येतोय. कॅमेरा त्याच्याबरोबर आत नेला तर प्रेक्षकही तिला शोधू लागतो. तिच्या खांद्यापाशी ठेवला तर ती सापडू नये म्हणून जीव मुठीत धरतो. आणि तिची एक चप्पल बाहेर राहिलीय हे आधी दाखवलं, मग त्याचे पाय? आता प्रेक्षकाला त्या दोघांपेक्षाही जास्त ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर हाच शॉट आधी घ्या, उजेड चांगला असताना.

उजेडाचंही एक सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, मोबाइलला कळतं. सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवलंत तर चित्रात पट्टे सरकतात. २५ फ्रेम, १/५० शटर ठेवा. एक्सपोजर आणि फोकस लॉक करा. नाहीतर दार उघडून ऊन आत आलं की फोन आपल्या मनानं सगळं गोदाम काळं करतो, आणि ज्या चप्पलेसाठी एवढा खटाटोप केला तीच दिसत नाही.

शेवटचा टेक झाला की लगेच पांगू नका. पंखे बंद, सगळे गप्प, अर्धा मिनिट नुसता गोदामाचा आवाज रेकॉर्ड करा. दोन टेकांमधला सांधा ऐकू येऊ नये म्हणून संकलनात तो खाली अंथरायचा असतो. कसा, ते पुढच्या भागात.